हमेलीतले मधले नाणे

मी, श्रीमती सुलोचनाबाई प्रभाकरराव ढोमणे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सोनारकाम, राहणार आंजी (मोठी), तालुका व जिल्हा वर्धा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता आणि कोणाच्या लाडीगोडीलाही न भुलता, माझ्यामागे काय कोणाला जावे आणि काय कोणाला जाऊ नये हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. वकीलसाहेबांनी टाइप करून दिलेल्या मसुद्यात धंद्याच्या रकान्यात ‘घरकाम’ असे होते. तो मसुदा मी वापरला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे सगळे आधी कच्चे लिहून काढले.

शुद्धीबद्दल. माझा मुलगा प्रफुल याने गेल्या दिवाळीपासून नातेवाइकांत पसरवले आहे की आईचे डोके ठिकाणावर नाही. म्हणून वर्ध्याच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी नऊपर्यंत खाली आले तेव्हा तेच ‘पुरे’ म्हणाले. मग मी त्यांना बोटातली अंगठी माझ्या तळहातावर ठेवायला सांगितली आणि म्हटले, चार ग्रॅमला थोडी कमी. त्यांनी ती नंतर सराफाकडे तोलून घेतली आणि फोन करून सांगितले, तीन ग्रॅम नऊशे. डोक्याचे डॉक्टर जाणोत, माझा तळहात अजून ठिकाणावर आहे. ही तळहाताची गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून आधीच लिहिली.

हे मृत्युपत्र मी घरादारासाठी करत नाही. ते एका चांदीच्या नाण्यासाठी करते. ते नाणे आमच्याकडे शेहेचाळीस वर्षे होते. प्रफुल म्हणतो ते दुकानाचे, म्हणजे वडिलांचे, म्हणजे त्याचे. मी म्हणते ते रुखमा आनंदराव कुमरे हिचे आहे आणि मधल्या काळातही तिचेच होते. मी ते तिला परत करणार हे कळल्यावर प्रफुल माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून जे बोलला ते जसेच्या तसे लिहिते: “तुहे डोळे मिटू दे, मंग पाह्यतो. पोलिसात रिपोर्ट देतो का म्हातारीच्या घरातून गोंडिणीनं नाणं उचललं. लोक कोणाचं ऐकतीन, तिचं का माह्यं?”

मी मेल्यावर मला बोलता येणार नाही आणि रुखमाला कोणी बोलू देणार नाही. म्हणून मी आत्ताच सगळे बोलून ठेवते. कोर्टात हा कागद वाचायची वेळ आली तर पूर्ण वाचावा, सोयीचे तेवढे वाचू नये.

कलम १. आंजीचे राहते घर, पुढच्या दुकानाच्या खोलीसकट, माझी मुलगी अंजू हिला. प्रफुलला पिपरी मेघेचा प्लॉट आणि त्यावरचे घर एकोणनव्वद सालीच देऊन झाले आहे, आणि वर्ध्याचे दुकानही त्याचेच आहे. आंजीच्या घराची छत गळते असे तो गेली दहा वर्षे सांगत आला आहे आणि एकदाही शिडीवर चढलेला नाही. अंजू चढते.

कलम २. बँकेत माझ्या नावावर जे काही असेल त्याचे दोन सारखे भाग करून एक प्रफुलला, एक अंजूला. मुलगा म्हणून मी त्याला वगळत नाही. तो लहानपणी तापाने फणफणला की माझ्या पदराची गाठ मुठीत धरून झोपायचा, तीही गोष्ट मी विसरलेली नाही.

कलम ३. शेगडी, फुंकणी, ऐरण, तिन्ही हातोड्या, चिमटे, मुशी, तार ओढायची पट्टी आणि कसोटीचा दगड हे सर्व अंजूला. यावरून समाजात बोलणे होणार हे मला ठाऊक आहे, कारण माझ्यावरूनही झाले होते.

अठ्ठ्याहत्तर साली यजमानांच्या डोळ्यांनी दगा दिला. ज्योत आणि कडी त्यांना एकदम दिसेनात. तेव्हा त्यांनी मला शेगडीपुढे बसवले, पण बाहेर कोणाला कळता कामा नये अशी अट घातली. मधल्या दाराला पडदा लावला. आत मी फुंकणी फुंकायची आणि बाहेर ते ‘माझ्या हातचे काम’ म्हणून द्यायचे. दोन वर्षांनी मी तो पडदा धुवायला काढला तो परत लावलाच नाही. सासर सोडून अंजू पंच्याऐंशी साली माझ्याकडे आली, तेव्हा ती रडत बसू नये म्हणून मी तिच्या हातात फुंकणी दिली. आज तिच्या हातची साखळी माझ्यापेक्षा बारीक होते. हत्यारे कोणाला द्यावीत याबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने तिच्यापुढे बसून एक कडी झाळून दाखवावी.

कलम ४. माझे दीर नत्थूजी भाऊजी यांना दुकानातले लाकडी स्टूल. याच स्टुलावर रोज संध्याकाळी बसून ते मला ऐकवायचे की बाई शेगडीपुढे बसली की घराची लक्ष्मी उठून जाते. लक्ष्मी कुठे गेली नाही, चहा मात्र रोज दोन कप गेला. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. कोणता ते त्यांना माहीत आहे.

कलम ५. पितळी तराजू कोणालाही देऊ नये. तो मोडून त्याचे पितळ भांडीवाल्याला घालावे. प्रफुलने तो ‘आमच्या घराण्याची निशाणी’ म्हणून वर्ध्याच्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवायला मागितला होता. कशाची निशाणी आहे ते पुढे वाचावे.

कलम ६. आता नाणे.

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात रुखमाची आई रुखमाला घेऊन दुकानात आली. त्यांचा टोला, म्हणजे गोंडांची वस्ती, आंजीपासून चार कोसांवर, जंगलाच्या कडेला. रुखमा पंधरा वर्षांची होती आणि आठ दिवसांवर तिचे लग्न होते. त्यांनी हमेल आणली होती. हमेल म्हणजे चांदीच्या रुपयांची माळ. प्रत्येक रुपयाच्या वरच्या काठाला चांदीची कडी झाळलेली असते आणि त्या कड्यांतून दोरा ओवलेला असतो. लग्नाआधी दोरा बदलून माळ नव्याने गुंफायची होती. गुंफायचे काम आमच्या घरात बायकांचे, म्हणून हमेल माझ्यापुढे आली. तीत राजाराणीच्या मुखवट्याचे सोळा रुपये होते आणि मधोमध एक मोठे नाणे, ज्यावर मुखवटाच नव्हता. एका बाजूला निशाणे आणि हत्यारे, दुसऱ्या बाजूला उर्दूसारखी अक्षरे.

मी विचारले तेव्हा रुखमा म्हणाली, “हा दर्याचा रुपया. माह्या आजीच्या बापानं आणला. तो दर्यापार रेल्वेच्या कामावर गेलता.”

यजमानांनी नाणे हातात घेतले, उलटेपालटे केले आणि म्हणाले, हे खोटे. मुखवट्यावाचून रुपया असतो हे त्यांना आयुष्यात माहीत नव्हते. आमच्या धंद्यात नाणे आधी मुखवट्यावरून ओळखायचे आणि मग दगडावर घासायचे. मुखवटाच नाही तर दगड कशाला खराब करा, असे त्यांना वाटले. लग्नाच्या मुलीच्या गळ्यात खोटे नाणे नको, असे सांगून त्यांनी त्या जागी एक राजाचा रुपया बसवायला लावला आणि मोठे नाणे मोडीच्या डब्यात टाकले. त्याची कडी मी कापली. कापताना ते नाणे माझ्या तळहातावर होते. सोनार खोटे म्हणतो म्हटल्यावर रुखमाच्या आईने तरी काय बोलावे.

संध्याकाळी वितळवायला मुशीत घालण्याआधी यजमानांनी ते नाणे सवयीने दगडावर घासले. चांदी चांगली निघाली. म्हणजे चूक त्याच दिवशी कळली होती. दुसऱ्या दिवशी टोल्यावर निरोप धाडून नाणे परत करता आले असते, लग्नाला अजून आठ दिवस होते. त्यांनी ते परत केले नाही आणि वितळवलेही नाही. त्यांनी ते तराजूत टाकून तोलले.

आमच्याकडे जुना रुपया म्हणजे एक तोळा वजन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचे. लोखंडी वजनांवर गावखेड्यातल्या बायकांचा भरवसा नसे, रुपयावर असे. म्हणून त्यांची चांदी विकत घेताना दुसऱ्या पारड्यात रुपये टाकायची रीत होती. यजमान त्या दिवसापासून हे मोठे नाणे ‘दुहेरी रुपया’ म्हणून टाकू लागले, म्हणजे दोन तोळ्यांचे वजन म्हणून. ते दोन तोळ्यांचे नव्हते. बारा गुंजांनी जड होते. ज्या बाईची चांदी त्या नाण्याला लागायची तिच्या चांदीतल्या बारा गुंजा फुकट जायच्या. स्वतः माल विकताना मात्र दोन साधे रुपये काढायचे. ग्रॅमची वजने आली तरी टोल्यावरच्या बायका तोळाच मागायच्या आणि आम्ही खुशाल तोळाच द्यायचो. एकोणचाळीस वर्षे हे चालले. रुखमाच्या आजीच्या नाण्याने आम्ही रुखमाच्याच टोल्याला लुबाडले.

यजमान त्र्याण्णव साली गेले. ते वाईट नवरा नव्हते. माझ्या बाळंतपणात स्वतः भाकरी थापायचे आणि ती गोल व्हायची. तरीही ते चोर होते, आणि हे मी त्यांची बायको म्हणून लिहून देते.

कलम ७. हे मला कधी कळले ते. शहाण्णव साली प्रफुलने आंजीच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हते. मी गंमत म्हणून जुनी वजने एकेक करून त्यावर ठेवली. दोन साधे रुपये ठेवले, तेवीस ग्रॅम तीनशे. दुहेरी रुपया ठेवला, चोवीस ग्रॅम आठशे. मला वाटले नवा काटा बिघडला. पुन्हा ठेवले. तिसऱ्यांदा ठेवले तेव्हा समजले की काटा चांगला आहे. मी दुकानाची फळी ओढली आणि ओट्यावर बसून राहिले. अंजूने जेवायला बोलावले तर उठले नाही.

हे वाचणारा विचारील की बाई, अंगठीचे वजन तळहातावर सांगता, मग हे नाणे पडदा निघाल्यापासून रोज उचलून पारड्यात तुम्हीच टाकत होतात, तुमच्या हाताला बारा गुंजांचा फरक कळला नाही? ही विचारणा कोणी करायच्या आधी मी स्वतःला केली आहे. हाताला कळत होते. पहिल्या दिवशी, कडी कापताना, तेव्हाच कळले होते की हे दोन तोळ्यांहून जड आहे. मी यजमानांना तसे म्हटलेही नाही, कारण सत्तावीस वर्षांच्या सुनेने सोनाराला वजन सांगायचे नसते. नंतर मी स्वतः तराजू धरला तेव्हा कोणाची भीती नव्हती, तरी मी हाताला विचारले नाही. घर चालत होते. लाज मला यजमानांची कमी आणि स्वतःची जास्त वाटते.

त्या लाजेपायी मी ते नाणे फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवले आणि सहा वर्षे गप्प बसले. रुखमा दरवर्षी दिवाळीनंतर दुकानात यायची. कधी जोडवे घट्ट करून घ्यायला, कधी नुसता तोडा उजळायला, कधी जुने तोडे विकायला. नवा काटा आल्यावर ती एकदा आली, काट्याकडे पाहिले, काही न करवून घेता गेली आणि पुन्हा आली नाही. मला वाटले आता ती वर्ध्याला जात असेल.

कलम ८. मागच्या दिवाळीत प्रफुलला तांदळाच्या डब्यात ते नाणे सापडले. त्याने नागपूरचे हिरालालजी म्हणून जुन्या नाण्यांचे एक व्यापारी आहेत त्यांना माझ्या घरी आणले. त्यांनी हातमोजे घातले, भिंग लावले आणि नाणे दोन्ही बाजूंनी निरखले. मग सांगितले की आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात कोमोरो नावाची बेटे आहेत, तिथे गोऱ्यांच्या अमलाखाली एक सुलतान होता, त्याच्या नावाचे हे चांदीचे नाणे. थोडीच पाडली होती, त्यातलीही फार थोडी उरली. मी नंतर अंजूच्या जुन्या ॲटलासात ती बेटे शोधली. तीळ सांडावेत तेवढी आहेत. म्हणजे पोरीने पंधराव्या वर्षी जे सांगितले ते अक्षरशः खरे होते, आणि खोटे आम्ही होतो.

हिरालालजींनी ऐंशी हजार सांगितले. वर असेही सांगितले, “माताजी, याला चिंच लावू नका, रिठ्याचं पाणी लावू नका. वर कडीचा जुना डाग आहे तो मी चालवून घेतो. पण पुन्हा आग दाखवली तर हे नाणं राहणार नाही, साधी चांदी होईल. मग मला दाखवूही नका.”

त्यांचे हे बोलणे मी नीट लक्षात ठेवले.

प्रफुलने त्यांच्यासमोरच हात पुढे केला होता. मी नाणे कमरेच्या पिशवीत टाकले आणि म्हटले, “ज्याचं आहे त्याले इचारल्याबिगर विकत नसतात. उठा, चहा झाला.” वडिलांनी ते नाणे टोल्यावाल्यांकडून रीतसर मोडीत घेतले होते, असे प्रफुल म्हणतो. मी हजर होते. पावती नव्हती, सौदा नव्हता, रुखमाच्या आईने विकतेही म्हटले नव्हते. खोटे म्हणून काढून घेतले होते. या कलमाखाली मी वेगळी सही करते, म्हणजे पान बदलले असे कोणी म्हणायला नको.

(सही) सुलोचनाबाई प्रभाकरराव ढोमणे

कलम ९. संक्रांत झाल्यावर मी एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी टोल्यावर गेले. अंजू सोबत येते म्हणाली, मी नको म्हटले. रुखमा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिची नात स्वीटी, जी वर्ध्याला कॉलेजात शिकते, तीही घरी होती. मी बसण्याआधी सगळे सांगून टाकले. दगडाचे, तराजूचे, बारा गुंजांचे, माझ्या हाताचे. शेवटी ऐंशी हजारांचे. मग नाणे तिच्या सुपात ठेवले.

रुखमा म्हणाली, “मले मालूम होतं.”

मी विचारले, “काय मालूम होतं?”

“पारड्यात होता नं तो. दरसाल पाहत होती मी. माहे तोडे त्यानंच तोलले तुमी.”

“मंग बोलली काऊन नाई?”

तिने शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, “बोलली असती तं तुमच्या मालकानं वितळवला असता. पारड्यात होता तंवर दिसत तं होता. त्याच्यासाठीच येत होती मी दुकानात. नाई तं जोडवे काय दरसाल ढिले होतात? मंग तुमी ते लाईटवालं मशीन आणलं, तं वाटलं, गेला बिचारा मुशीत.”

चाळीस वर्षे ही बाई आठ कोस पायपीट करून, चांदी विकताना स्वतःच्या बारा गुंजा गमावून, आपल्या आजीचे नाणे पाहायला येत होती. आणि मी तिला ‘रुखमा, यंदा काय आणलं’ असे हसून विचारत होते. मला तिथे रडू आले. ते मी लपवले नाही आणि इथेही लपवत नाही.

स्वीटी म्हणाली, “आजी, ऐंशी हजार आहेत. इचार कर.” मीही म्हटले की विचार कर, नाणे तुझे आहे, विकलेस तरी तुझे, पूर्ण रक्कम तुझी, मी हिरालालजींना निरोप देते. आणि आग लावली की किंमत जाते तेही सांगितले. रुखमाने नाणे पदराने पुसले, जिथे कडी होती त्या जागेवर बोट फिरवले.

“ऐंशी हजार कोण गळ्यात घालते,” ती म्हणाली. “कडी लावून द्या. पोरीच्या लग्नात हमेल पुरी पाह्यजे.”

मग नाणे तिने परत माझ्याच हातात दिले. कडी लावेपर्यंत ठेवजो म्हणाली. माझ्यावर अजून एवढा विश्वास ठेवायला तिला कोणी सांगितले होते, मला ठाऊक नाही.

कलम १०. आज सकाळी, अंजू आणि स्वीटी यांच्यासमोर, मी त्या नाण्याला आग दाखवली आणि कडी झाळून बसवली. प्रफुलला मुद्दाम फोन करून बोलावले होते, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर व्हावे. तो आला नाही. मग मी ते चिंचेने घासले, रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि ते सत्तावन सालच्या उन्हाळ्यात होते तसे लखलखीत केले. हिरालालजींच्या हिशोबाने ते आता नाणे राहिलेले नाही. प्रफुलने त्यासाठी कोर्टकचेरी करायची ठरवली तर तोळाभर दोन तोळे चांदीसाठी आईच्या नावाला काळे फासायचे का, एवढेच त्याने ठरवावे.

कलम ११. टोल्यावरच्या कोणत्याही बाईने दागिना दुरुस्तीला आणला तर अंजूने मजुरी घेऊ नये. ती जिवंत असेपर्यंत आणि तिच्यानंतर जो कोणी या शेगडीपुढे बसेल त्यानेही. गेलेल्या गुंजा कोणाकोणाच्या होत्या ते आता शोधता येत नाही, बऱ्याच जणी गेल्या. हे त्याच्या बदल्यात नाही. त्याच्या बदल्यात काहीच होत नाही.

कलम १२. माझ्या अंगावरचे दागिने अंजूला. मला नेताना अंगावर काही ठेवू नये. तेराव्याला नत्थूजी भाऊजींनी भाषण करू नये.

कलम १३. वकीलसाहेबांनी समजावले की मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, त्याची साक्ष लंगडी पडते. म्हणून स्पष्ट लिहिते की या मृत्युपत्राने मी रुखमा आनंदराव कुमरे हिला काहीही देत नाही. एक गुंजही नाही. जे माझे आहे तेच मला देता येते, आणि नाणे माझे नव्हते. म्हणून ती या कागदाची पहिली साक्षीदार आहे. प्रफुलला तिला चोर ठरवायचे असेल तर आधी तिचा अंगठा ज्या कागदावर आहे तो त्याला कोर्टात वाचावा लागेल.

याआधी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे. यानंतर मी काही बदलले असे कोणी म्हणाल्यास खोटे समजावे.

साक्षीदार पहिली: रुखमा आनंदराव कुमरे, वय अंदाजे एकसष्ट, धंदा शेती व वनमजुरी. डाव्या हाताचा अंगठा. हा सर्व मजकूर स्वीटीने तिला मोठ्याने वाचून दाखवला आणि तिला समजला. तिने एकच दुरुस्ती सांगितली, “सोळा नाई, अठरा रुपये होते.” तिचे खरे धरावे.

साक्षीदार दुसरे: डोमाजी बावणे, वय अडुसष्ट, धंदा शिंपीकाम, आमच्या दुकानाला लागून यांचे दुकान. यांनी सही करताना स्वतःहून सांगितले की, “तो दुहेरी रुपया मी पारड्यात कैक डाव पाह्यला, वहिनी. मले वाटे तुमच्याच घरचा आहे.” हे त्यांच्या सांगण्यावरून लिहिले.

स्थळ: आंजी (मोठी), ता. जि. वर्धा. दिनांक १७ फेब्रुवारी २००३, सोमवार.

(सही) सुलोचनाबाई प्रभाकरराव ढोमणे

सहीखालच्या निळ्या गोल ठशाबद्दल: अंगठ्याची शाई उघडी होती. रुखमाने विचारले, “याचाबी ठसा मारू का?” वकीलसाहेब म्हणाले अशी पद्धत नाही. आम्ही मारला. निशाणे आणि हत्यारे उलटी उमटली आहेत, वर कडीची खूणही आली आहे, म्हणजे कोणते नाणे याबद्दल वाद राहू नये. शाई पुसून मी ते एकदा तळहातावर घेतले. अंजूला काटा आणू दिला नाही. दोन तोळ्यांहून जड आहे. हे मी सत्तावन साली सांगायला हवे होते, ते आज सांगते. रुखमा मधला राजाचा रुपया काढून हमेल मांडीवर घेऊन समोर बसली आहे आणि मधली जागा मोकळी आहे, म्हणून इथे लिहिणे थांबवते.